दहा बोटी आणि एक श्वास

दिवेलागणीला लोकांच्या घरात शुभंकरोती म्हणतात. आमच्या घरात बोटींची नावं म्हटली जायची. हैदराबादेत, जिथून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, तिथं माझी बायको देवापुढं निरांजन लावून, हात जोडून म्हणायची: सुभद्रा, गिरिजा, यमुना, काशी, अंबिका, वेणू... इथं ती थांबायची. एक श्वास घ्यायची. मग पुढं मथुरा, शांता, रखमा, द्वारका. दहा नावं. बोटी अकरा होत्या. अकरावीच्या जागी तो श्वास. ती जाऊन पाच महिने झाले. नातू मला तेलुगूत तात म्हणतो, म्हणजे आजोबा. म्हणाला, तात, लिहून काढा, बरं वाटंल. बरंबिरं काही वाटत नाही, आधीच सांगून ठेवतो. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दूत सुरू झाली आणि मराठीत बुडाली. नातवाला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे तो वाचणार नाही. तरी लिहितो. त्या बोटींच्या कंपनीवर कुणी काही लिहिलेलं मला ठाऊक नाही, आणि माझ्याशिवाय ते सगळं ऐकलेला माणूस आता उरलेला नाही.

कंपनीचं नाव अण्णा कधी घेत नसत. नुसतं ‘कंपनी’. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत तिच्या आगबोटी चालायच्या. अण्णा म्हणजे माझे सासरे, रत्नागिरीकडचे कुणबी, बारा वर्षांचे असल्यापासून बोटीवर आगवाले. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीला कोळसा देणारा माणूस. वर डेकवरची माणसं समुद्र बघतात, आगवाल्याला समुद्र फक्त ऐकू येतो. अण्णा सांगायचे, कंपनी दोन जुन्या बोटींवर सुरू झाली, कुठल्या परदेशी दर्यावर झिजून आलेल्या. मालकाला पहिली मुलगी झाली तेव्हा पहिलीचं नाव सुभद्रा ठेवलं, मग गिरिजा, आणि तोच पायंडा पडला. मुलगी जन्मली की बोट, सून आली की बोट. मालकाला लेकी भरपूर, म्हणून कंपनी वाढली, असं अण्णा हसून म्हणायचे. बंदरात बोट काठाला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव माणसं घेऊन तिच्याकडं जायचे. पहिला भोंगा झाला की माणसं घरातून निघायची. दुसऱ्याला पडावात बसायची. तिसऱ्या भोंग्यानंतर नांगर वर. मग कलेक्टर किनाऱ्यावर असो की बाळंतीण, बोट कुणासाठी थांबत नसे.

एक साल दुसरी एक कंपनी उतरली आणि तिनं भाडं पाडलं. आमच्या कंपनीनंही पाडलं. त्यांनी आणखी पाडलं. शेवटी दोघीही जवळजवळ फुकट माणसं न्यायला लागल्या. वर आमच्या बोटीवर उतारूला चहा आणि दोन केळी. गावोगावची माणसं काम नसताना नुसती केळी खायला मुंबईला जाऊन आली म्हणे. दुसरी कंपनी बसली, पण आमची काही उभी राहिली नाही नीट. मग लढाई लागली, सरकारनं मथुरा, शांता आणि यमुना लढाईच्या कामाला नेल्या. यमुना परत आली, तिच्या कडेला गोळ्यांची भोकं. बाकी दोघींचं काय झालं ते कंपनीनं कुणाला सांगितलं नाही. लढाईनंतर कोळसा महागला, घाटात मोटारी चालू झाल्या, आणि मालकाच्या मुलांनी एकेक बोट भंगारात काढली. अण्णा म्हणायचे, “आधी पोरींची नावा दिली, मग पोरी विकल्या. काय बोलायचा?”

द्वारका सगळ्यात शेवटी मोडली. तिच्यावरचा लहान बॉयलर इथल्या, हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या एका साबणवाल्या शेटजीनं विकत घेतला. बॉयलर मालगाडीत चढला आणि त्याच्यासोबत अण्णाही चढले. नवरीबरोबर पाठराखीण जाते तसे. बरोबर पाच-सहा वर्षांची, देवीच्या साथीत आई गेलेली लेक. तिला सगळे बाय म्हणत. बॉयलरबरोबर द्वारकेचा भोंगाही आला होता. शेटजीला तो नको होता, अण्णांनी तो आपल्या हातानं बसवला. आमच्या गल्लीला रेल्वेच्या शिट्ट्यांची सवय. त्या बारीक, चिरक्या. हा भोंगा म्हणजे विहिरीत पडलेली म्हैस ओरडावी तसा, पोटातून येणारा. पहिल्या दिवशी माझ्या मायच्या हातातली परात पडली. पुढं तीच त्याच्या वेळेवर भाकरी थापायला लागली. सकाळी तीन भोंगे व्हायचे, बंदरात व्हायचे तसेच. पहिल्याला कामगार उठायचे, दुसऱ्याला निघायचे, आणि तिसऱ्याला अण्णा फाटकाची कडी घालून घ्यायचे. शेटजी उशिरा आला तरी बाहेर. असं एकदा खरंच झालं, आणि शेटजी हसला. म्हणून अण्णा तिथं टिकले.

आमचं घर कारखान्याच्या मागल्या भिंतीला लागून होतं. आम्ही परभणीकडचे. दादा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत दफ्तरी होते. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. भिंतीपलीकडून भाताच्या पेजेचा आणि भाजलेल्या सुकटीचा वास यायचा. माय नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, “लागले मेले मासे जाळायला.” पण बाय कुळथाचं पिठलं वाटीत घालून आणायची तेव्हा माय वाटी चाटूनपुसून परत द्यायची, तीही रिकामी नाही, आत गूळ घालून. मी शाळा सोडून त्याच कारखान्यात साबण कापायला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत भट्टीजवळ बसायचो. अण्णांच्या गोष्टी ऐकायला म्हणून. खरं कारण अण्णांना ठाऊक होतं. ते फावडं खाली ठेवून विचारायचे, “काय रे किसन्या, बोटी बघायला आलास का डबा आणणारीला?” मी कोळशागत काळा, लाजलो तरी कुणाला कळायचं नाही, ते एक बरं.

तिथंच मी पहिल्यांदा तो श्वास ऐकला. बाय बापाला डबा वाढता वाढता नावं म्हणायची आणि वेणूनंतर थांबायची. मी म्हणालो, सातवी कुठली? अण्णांनी भट्टीकडं बघितलं आणि बोट ओठावर ठेवलं. नंतर बाहेर नेऊन त्यांनी मला समजावलं. कंपनीच्या आगवाल्यांचा नेम होता. जी बोट बुडाली तिचं नाव पेटत्या आगीसमोर घ्यायचं नाही. “बोटीबरोबर आग जित्ती गेली ना रे. ती नाव ओळखते. हाक मारलीस तर उठून येईल.” निरांजनसुद्धा आगच. म्हणून बायही थांबायची. मी असल्या गोष्टी तेव्हा मानत नव्हतो. मनात म्हणालो, म्हातारा येडा आहे.

त्याच सुमारास हैदराबाद राज्य तुटायचं ठरलं. तीन तुकडे. मराठी मुलूख मुंबईकडं, कानडी म्हैसुराकडं, तेलुगू इथंच. दादांच्या कचेरीत रोज वाटणी चालायची. दफ्तरं, टेबलं, खुर्च्या, सगळ्यावर खडूनं खुणा. भिंतीवरच्या घड्याळावरून दोन हेडक्लार्क हमरीतुमरीवर आले, ते दादा घरी येऊन सांगायचे आणि वर म्हणायचे, “घड्याळ बंद आहे, तरी.” दादांनी मराठवाड्याकडं जायचं लिहून दिलं. माय रोज एकेक भांडं सुतळीनं बांधायची. मला धरूनच चाललं होतं. मला जायचं नव्हतं. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग नवा बॉयलर इन्स्पेक्टर आला. जुन्या राज्यात अण्णांना कुणी कागद विचारला नव्हता. शेटजीनं ठेवलं, ते राहिले. नवा साहेब तेलुगू, तरणा, बोलायला गोड. म्हणाला, परवाना नसलेला माणूस बॉयलरवर ठेवता येणार नाही. पण अनुभव असेल तर परवाना देतो. कुठल्या बोटीवर किती वर्षं, ओळीनं लिहून आणा, मी येऊन काम बघतो आणि तिथंच सही करतो. नाही जमलं तर दुसरा माणूस. दुसरा माणूस आला म्हणजे अण्णा आणि बाय परत कोकणात. तिथं ना बोट ना घर. आणि मी परभणीला. इतकं साधं होतं ते. एका कागदावर दोन घरं टांगलेली.

अण्णांना लिहिता येत नव्हतं. लिहायला मी बसलो, कारखान्याच्या अंगणात, साबणाच्या खोक्यावर पाटी ठेवून. अण्णा सांगत गेले. काशीवर तीन वर्षं, अंबिकेवर दोन, वेणूवर दीड. मग एकदम मथुरा. मी त्यांच्या वयाशी ताळा घेत बोटं मोजली. मध्ये नऊ वर्षं गायब. मी म्हणालो, अण्णा, ही नऊ वर्षं काय हवेत होता का? ते विडी पेटवत होते, ती न पेटवताच कानावर ठेवली. मी म्हणालो, एवढी नऊच तर कामाची आहेत, एका बोटीवर सलग, तीच नसली तर साहेब विचारणार ना, की कुठं होतास, तुरुंगात? अण्णा उठून गेले. त्यांची पाठ मला अजून दिसते. बनियनला दोन भोकं.

दुसऱ्या दिवशी मी बायला नळावर गाठलं. नळावर का, तर तिथं आग नव्हती. ती हंडा भरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हंडा तसाच वाहू दिला आणि सांगितलं. बोटीचं नाव मालती. अण्णांचं सगळं तरुणपण त्या बोटीवर गेलं. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या आणि बायची आई अडलेली, म्हणून अण्णा उतरले आणि त्यांच्या जागी त्यांचा धाकटा भाऊ रामा भट्टीवर गेला. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून अण्णांनी आपल्या बोटीचं नाव तिच्या कानात सांगितलं. घुगऱ्या अजून वाटायच्या होत्या, तेवढ्यात बंदरावरून माणूस आला. मालती खाडीच्या तोंडाशी खडकावर बसली होती. खालची माणसं खालीच राहिली. तेव्हापासून पोरीला कुणी नावानं हाक मारली नाही. घर म्हटलं की चूल, चूल म्हटली की आग. बाय, बाय करतच ती मोठी झाली.

मी म्हणालो, लिहायचं तर आहे, बोलायचं कुठं आहे? लिहिलं तर आगीला काय वाचता येतं? ती हसली नाही. वाहणारा हंडा तिनं नळाखालून बाजूला ओढला. तिलाही इथंच राहायचं होतं. मग म्हणाली, “लिही. पण साहेबाला सांग, भट्टीपासनं लांब वाच म्हणावं. तेवढं सांगशील?” मी म्हणालो, हौ, सांगतो की. मी लिहिलं. जामबागेत एका टाइपवाल्याकडून ते इंग्रजीत करून घेतलं. कागद इतका देखणा दिसत होता की मी तो दोनदा मायला दाखवला. अण्णांना दाखवला नाही.

साहेब आला तो सकाळी, काम ऐन भरात असताना. कढयांत साबण उकळत होता, सगळीकडं चरबीचा आणि सोड्याचा वास. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. साहेबानं पाण्याची काच बघितली, वाफेचा काटा बघितला, अण्णांनी कोळसा कसा पसरवला ते वाकून बघितलं. भट्टीचं दार उघडं, आत आग पांढरी झालेली. साहेब खूश दिसत होता. त्यानं हात पुढं केला आणि मी कागद दिला. तेवढं सांगायचं होतं. साहेब, बाहेर चला, उजेडात वाचा. एवढंच. पण मी छाती काढून उभा होतो, माझ्या कागदाकडं तो कसा बघतो ते बघत. शेटजीही बघत होता. मला वाटत होतं, आता सगळ्यांना कळेल हे काम कुणी केलं.

साहेबानं बोट फिरवत फिरवत मोठ्यानं वाचलं. काशी, तीन साल. अंबिका, दो साल. वेणू, डेढ साल. मग भुवई वर गेली, आणि तो अण्णांकडं बघून कौतुकानं म्हणाला, “मालती. नौ साल! एक ही जहाज पे नौ साल, बडे मियाँ? बहोत खूब.” आणि खिशातून पेन काढलं.

अण्णांच्या हातात फावडं होतं, भरलेलं. ते त्यांनी आत टाकलं नाही. हळूच जमिनीवर ठेवलं. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी ते विसरलो असतो. मग त्यांनी लांब दांड्याचा आकडा घेतला आणि भट्टीतली आग बाहेर ओढायला सुरुवात केली. शेटजी ओरडला, “अण्णा, काय करता? कढया बसतील!” साहेब म्हणत होता, अहो, मी सही करतोय. अण्णा ओढतच होते. निखारे फरशीवर पसरले, त्यांच्यावर त्यांनी बादल्या ओतल्या. वाफेनं काही दिसेना. त्या वाफेतच त्यांनी भोंग्याची दोरी धरली. एकदा ओढली. थांबले. दुसऱ्यांदा. थांबले. तिसऱ्यांदा, आणि धरूनच ठेवली, बॉयलरमधली वाफ संपून भोंग्याचा नुसता घोगरा सुस्कारा होईपर्यंत. गल्लीत बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून काढले, कुठं आग लागली म्हणून. माय धावत आली, हाताला पीठ. अण्णा फाटकातून बाहेर पडले आणि आपल्या मागं त्यांनी कडी घातली.

सही झाली होती. तो कागद कितीतरी वर्षं आमच्या पेटीत होता. परवाना मिळालेला माणूस पुन्हा भट्टीसमोर उभा राहिला नाही. त्या दिवसाच्या कढया फुकट गेल्या, शेटजीनं आठवडाभर वाट बघितली, घरी माणूस पाठवला, मग दुसरा आगवाला ठेवला. त्यानं पहिल्या महिन्यातच भोंगा काढून टाकला. कान दुखतात म्हणाला.

अण्णांनी मला एक शब्द विचारला नाही. मी पाय धरायला गेलो तर पाय मागं घेतले, एवढंच. दहा-बारा दिवसांनी ते आमच्या दारात आले. दादा सामान बांधत होते. अण्णा म्हणाले, “माझी पोर तुमच्या पोरासाठी ठेवून जातो. मला इथं आता काय नाय.” दादांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “हा तर येतोय आमच्यासोबत.” मी म्हणालो, मी येत नाही. असं बापाच्या तोंडावर मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. लग्न अंगणातच झालं, भात, वरण आणि गुळाची लापशी. बायकांनी गिल्ला केला, नाव घे, नाव घे म्हणून. होम पेटलेला. अण्णा होमापलीकडं बसलेले. मी काहीतरी जुळवून ‘बाय’ म्हणालो. एकजण म्हणाली, “अगं बाई, ह्याला बायकोचं नावच माहीत नाही!” सगळ्या हसल्या. माय आदल्या दिवशी म्हणाली होती, नाव बदलून टाक, आपल्यात बदलतात. बाय मला म्हणाली, “बदलू नका. असू द्या तसंच. घेऊ मात्र नका.”

अण्णा काचीगुड्याच्या स्टेशनवरून गेले. हातात एक पिशवी, बस. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ते म्हणाले, “बारीक आवाज.” ते शेवटचं. वर्षभरानं कुणाच्या तरी अक्षरातलं कार्ड आलं. बंदरावरच्या देवळात राहत होते, कुणाच्या पडवीत जेवत होते, आणि गेले. त्याच महिन्यात दादांचंही पत्र आलं होतं, परभणीला घर मिळालं म्हणून. मी उत्तर दिलं नाही. कशावर रागावलो होतो ते आता आठवत नाही. बहुधा स्वतःवर, पण स्वतःला पत्र लिहिता येत नाही.

आम्ही दोघांनी पुढं साठ वर्षं संसार केला. चूल गेली, स्टोव्ह आला, गॅस आला. दिलसुखनगरला जागा घेतली तेव्हा तिथं शेतं होती, आता खाली कोचिंग क्लासचे बोर्ड आहेत आणि रात्रंदिवस मोटारसायकली. घरात मी तिला बायच म्हणालो. नाव म्हणावंसं वाटलं तर दोघं गच्चीवर जायचो. तेही फार थोड्या वेळा. ती मला कधी टाकून बोलली नाही. फक्त एकदा, मुलगा लहान होता, मी औषध आणायला विसरलो आणि वर तिच्यावरच खेकसलो, तेव्हा ती भांडी घासता घासता शांतपणे म्हणाली, “मी तुम्हाला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली होती.” औषधाबद्दल नव्हतं ते. आम्हाला दोघांनाही कळलं. मी चप्पल घालून बाहेर गेलो आणि काचीगुड्यापर्यंत चालत गेलो. कारखान्याच्या जागी तेव्हा लाकडाची वखार होती.

शेवटचे काही महिने तिला फार बोलता येत नव्हतं. तरी दिवेलागणीला ओठ हलायचे. वेणूनंतरचा श्वास आता लांब व्हायला लागला होता. मी बाजूला बसून वाट बघायचो, कधी ती मथुरा म्हणते. एक संध्याकाळ ती म्हणाली नाही.

स्मशानात जाताना मी ठरवलं होतं. आज नाव घ्यायचं, मोठ्यानं, आगीसमोरच. उठून यायची तर येऊ दे ती आग, आता माझं काय न्यायचं राहिलंय? बाहेरच्या खिडकीवर माणसानं वहीत लिहायला नाव विचारलं, ते नातवानं सांगितलं. त्याला काय, त्याच्यासाठी ते आधार कार्डावरचं नाव. मुलानं अग्नी दिला. जाळ धरला तसा मी पुढं झालो, तोंड उघडलं, आणि वाफेतून माझ्याकडं बघणारे अण्णा दिसले. माझ्या तोंडून ‘बाय’ निघालं.

आता दुपार आहे. घरात कुणी नाही. गॅस बंद आहे, मी उठून दोनदा बघून आलो. देवापुढचं निरांजनही विझलेलं आहे. सुभद्रा, गिरिजा, यमुना, काशी, अंबिका, वेणू, मालती, मथुरा, शांता, रखमा, द्वारका. अकरा झाल्या. कंपनीचा हिशेब पुरा झाला. आता फक्त तिचं लिहितो.

मालती.

मालती.

तिसऱ्यांदा लिहीत नाही. तिसऱ्या भोंग्यानंतर बोट कुणासाठी थांबत नाही.